ओली मोळी

गाडी धुण्यात सगळ्यात वाईट काम चाकांचं. टपावर फेस फासायला सगळ्यांना आवडतं, काचा पुसण्यावरून तर मुलं भांडतात. पण चाकापाशी उकिडवं बसून, दात घासायच्या जुन्या ब्रशनं काळं तेलकट खरवडायचं म्हटलं की एकेकाला अचानक तहान लागते. त्या शनिवारी सकाळपासून सतरा गाड्या झाल्या होत्या, आणि सतराच्या सतरा गाड्यांची चाकं एकाच मुलीनं धुतली होती. ज्या शिबिराच्या खर्चासाठी हा सगळा खटाटोप चालला होता, त्या शिबिराला ती जाणारच नव्हती.

स्काउटच्या पथकात मुलं नऊ, आणि परदेशातल्या त्या मोठ्या शिबिरानं जागा दिलेल्या आठ. नऊही जणांच्या परीक्षा झाल्या. गाठी मारणं, तंबू ठोकणं, प्रथमोपचार, नकाशा, आणि शेवटी चूल. आठ निवडले गेले, नववी ही उरली. एखादा आजारी पडला तर म्हणून तिचं नाव 'राखीव' म्हणून लिहून ठेवलं होतं, पण इतक्या उत्साहानं नाचणाऱ्या आठांपैकी कोण कशाला आजारी पडतोय! तिला सगळे खारूताई म्हणत. पुढचे दोन दात मोठे, आणि खिशात कायम काहीतरी साठवलेलं असायचं. दोऱ्याची गुंडी, पेन्सिलीचं थोटूक, कुणाचं तरी बटण.

"काय गं, तू पण विमानानं जाणार का?" अठराव्या गाडीतल्या आजोबांनी काच खाली करून विचारलं.

"मी नाही आजोबा. हे आठजण जाणारेत. मी राखीव आहे."

"मग तू कशाला एवढी राबतेस?"

"राखीव असले तरी पथकातच आहे ना मी," खारूताई म्हणाली, आणि पुढच्या चाकाकडून मागच्या चाकाकडे सरकली.

गाड्यांची रांग लावायला गळ्यात शिट्टी अडकवून उभ्या असलेल्या, आठांतल्या मनीच्या आईनं हे ऐकलं आणि उगाचच जोरात शिट्टी फुंकली. मागच्या गाडीवाल्यानं दचकून ब्रेक मारला.

मनीची आई पथकाच्या प्रत्येक कामात असे. पालकांच्या बैठकीत 'हे कोण करणार' असा प्रश्न आला की बाकीचे पालक फोनमध्ये डोकं खुपसत आणि हिचा हात वर जाई. लोक म्हणत, किती उत्साही बाई! उत्साह वगैरे काही नव्हता. तिला धास्ती होती. मनी अकरा वर्षांची झाली तरी कोपऱ्यावरच्या दुकानात एकटी जायची नाही, आणि ती जायची नाही याचं कारण तिची आई तिला कधी जाऊच द्यायची नाही, हे मनीच्या आईला पक्कं ठाऊक होतं. ती चष्म्याच्या दुकानात लोकांचे डोळे तपासायची. रीतसर पदवी घेतली होती तिनं त्याची. पण दुकानात असतानाही तिचं अर्धं चित्त मनी शाळेतून सुटली असेल का, रस्ता नीट ओलांडेल का, यात अडकलेलं. दोन वर्षांपूर्वी मनीनं एका सहलीला ऐनवेळी बसच्या दारातून रडत माघार घेतली तेव्हा कुणीतरी मागून म्हणालं होतं, "आईनंच भित्री करून ठेवलीय पोरीला." तो आवाज कुणाचा ते तिला कळलं नाही. पण त्या दिवसापासून तिच्या डोक्यात एकच बसलं होतं. पोरीचं हे शिबिर झालंच पाहिजे.

आणि मनीनंही कंबर कसून तयारी केली होती, त्यात काही खोट नव्हती. खुर्चीच्या पायांना गाठी मारून मारून घरातल्या सगळ्या खुर्च्या तिनं एकमेकींना बांधून टाकल्या होत्या. जेवायला बसताना बाबा म्हणायचे, "आज कुठली खुर्ची सुटी आहे?" निवड झाल्यापासून तर ती पलंग सोडून जमिनीवर, झोपायच्या पिशवीत झोपत होती. सवय व्हावी म्हणून.

आता ती निवड कशी झाली, ते सांगायला हवं.

परीक्षेच्या आधी आठवडाभर प्रत्येकानं आपापली लाकडं गोळा करायची, मोळी बांधायची, तिला नावाची चिठ्ठी लावायची आणि सभागृहामागच्या पत्र्याच्या खोलीत ठेवायची, असा पथकाचा नियम होता. खोलीची किल्ली अर्थातच मनीच्या आईकडे. चुलीच्या परीक्षेला परीक्षक म्हणून उभं राहायचं कामही तिनंच अंगावर घेतलेलं. त्या रविवारी ती तासभर आधी जाऊन पोचली. दार उघडलं तर आत चिखल. वरच्या टाकीचा कॉक बिघडून पाणी भिंतीवरून ओघळत होतं आणि कोपऱ्यात त्याचं तळं झालं होतं. बाकीच्या मोळ्या फळीवर होत्या. खाली, भिंतीला टेकून दोनच. एक मनीची, एक खारूताईची.

मनीच्या मोळीची नुसती दोरी भिजली होती. तिनं ती चटकन उचलली आणि फळीवर ठेवली. मग दुसरी उचलली. ती जड लागली. तिच्यातून पाण्याचा ओघळ निघाला आणि मनीच्या आईच्या बाहीत शिरून थेट कोपरापर्यंत गेला.

खोलीच्या दुसऱ्या कोपऱ्यात सुक्या लाकडांचं पोतं होतं. असंच काही झालं तर असावं म्हणून ठेवलेलं. पोतं उघडायचं, मूठ-दोन मूठ लाकडं काढायची, दोरी बांधायची. दोन मिनिटांचं काम. नाहीतर पथकाच्या प्रमुख कप्तानबाई आल्या की त्यांना नुसतं सांगायचं.

पण आधीच्या परीक्षांचे गुण तिला पाठ होते. सकाळी दात घासतानाच तिनं ते मनात मांडून पाहिले होते. सात मुलं बरीच पुढे होती. शेवटची एक जागा खारूताईची होती किंवा मनीची, आणि मनी दोन गुणांनी मागे होती.

तिनं ती मोळी परत ठेवली. अगदी पाण्यात नाही ठेवली हो! थोडी बाजूला, दारातून ऊन येत होतं तिथे ठेवली. वाळेल आपली, असं स्वतःला सांगितलं. मग फडकं घेतलं, टाकीचा कॉक आवळला, आणि फरशी पुसून कोरडी ठणठणीत केली. फरशी पुसली. मोळी नाही.

परीक्षा सुरू झाली तोवर वरची साल सुकली होती. हातात घेतल्यावर कुणाला शंका यायचं कारण नव्हतं, आणि पोर घाबरलेली. तीन काड्या, दहा मिनिटं, कपभर पाणी उकळायचं. परीक्षकानं हूं की चूं करायचं नाही, हा पथकाचा कडक नियम. हातात घड्याळ धरून मनीची आई त्या नियमाच्या मागे दडून उभी राहिली. पहिली काडी गेली. दुसरी गेली. तिसरीवर धूर आला, पांढरा, भरभरून, आणि खारूताई पालथी पडून फुंकर घालत राहिली. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, नाकातूनही.

"काकू, वेळ संपली?"

मनीच्या आईनं बोलायचं नव्हतं. तिनं घड्याळ दाखवलं.

हे झालं त्याला तीन आठवडे लोटले होते. आणखी अकरा दिवसांनी नावं शिबिराकडे कायमची रवाना होणार, मग बदल नाही, असं कप्तानबाईंनी सांगितलं होतं. मनीची आई ते अकरा दिवस मोजत होती. एकदा नावं गेली की विषय संपला, असं तिला वाटत होतं. चोरी पचायला किती दिवस लागतात ते मोजावं, तसं.

दुपारी गाड्यांची रांग ओसरली. मुलं फुटपाथच्या कडेला ओळीनं बसून सँडविच खायला लागली. खारूताई हातातलं सँडविच घेऊन उठली आणि थेट मनीच्या आईच्या शेजारी येऊन बसली. तिची बोटं नखांपर्यंत काळी झाली होती.

"काकू, एक विचारू?"

"विचार ना."

"परीक्षा संपलीय, म्हणजे आता तुम्हाला बोललं तर चालतं ना? तुम्ही माझ्या चुलीच्या अगदी जवळ होतात. माझं काय चुकलं?"

मनीच्या आईनं हातातलं सँडविच परत कागदात गुंडाळलं.

"मी खूप विचार केला," खारूताई म्हणाली. "लाकडं मी टेकडीवरून आणली होती, बारीक-जाड वेगवेगळी केली होती. रचली पण बरोबर. मग लागली का नाही? पुढच्या वर्षी परत चुकायला नको. तुम्ही सांगा ना. वाईट वाटून नाही घेणार मी."

सांगायची हीच वेळ होती. शेजारी कुणी नव्हतं. पोरगी तोंडाकडे बघत होती, आणि तिच्या नजरेत संशयाचा लवलेशही नव्हता. त्या विश्वासानंच मनीच्या आईची पंचाईत केली. तिच्या तोंडून जे निघालं ते तिनं ठरवून काढलं नव्हतं, पण निघालं तिच्याच तोंडून.

"घाई झाली तुझी, बाळा. काडी ओढताना तू घाई करतेस. जरा हळू ओढायची, ज्योत स्थिर होऊ द्यायची."

"हां!" खारूताई म्हणाली. कोडं सुटल्यासारखा तिचा चेहरा उजळला. "बाबा पण म्हणतात, मी घाईगर्दीची आहे. थँक्यू काकू." आणि उरलेलं सँडविच तोंडात कोंबून ती पुढच्या गाडीकडे पळाली. घाईघाईनंच.

मनीच्या आईला त्या दिवशी पुढच्या गाड्या दिसल्याच नाहीत. आधी तिनं फक्त तोंड मिटून घेतलं होतं. आता तोंड उघडून, लेकराच्या पदरात नसलेली चूक घातली होती.

पुढच्या शनिवारी खारूताईला सोडायला तिचे बाबा आले. ते लिफ्ट दुरुस्त करायचे. कामाच्या कपड्यांतच होते, कमरेला हत्यारांचा पट्टा.

"ताई, तुम्हीच मनीच्या आई का?" ते म्हणाले. "आमच्या घरात तुमचं फार नाव चाललंय बरं का! काकू म्हणाल्या हळू ओढायची, काकू म्हणाल्या ज्योत स्थिर होऊ द्यायची. आठवडाभर गॅलरीत बसून काड्या ओढतेय. चार पेट्या संपवल्या. शेजारीण म्हणाली, तुमच्याकडे वीज गेलीय का हो?" ते हसले. "काल मात्र रागावलो. दाखव गं काकूंना."

खारूताईनं हात पाठीमागे नेला. बाबांनी तो ओढून पुढे आणला. अंगठ्याला आणि शेजारच्या बोटाला पट्ट्या होत्या.

"ज्योत स्थिर होईपर्यंत धरून ठेवत होते," ती म्हणाली. "जास्तच धरली. पण आता येतं मला."

"आज चाकं धुवायची नाहीत," बाबा म्हणाले. "ताई, जरा लक्ष ठेवा. तुमचं ऐकते ती."

मनीच्या आईनं मान हलवली. त्या माणसाच्या डोळ्याला डोळा द्यायची तिची छाती होईना. तिनं पायांकडे पाहिलं, तर तिथे फेसाचं पाणी वाहत होतं. जमिनीनं पोटात घ्यावं असं म्हणतात ते उगाच नाही, हे तिला तेव्हा कळलं. जमीन तर ढिम्म राहिली. पुढची गाडी आली, तिनं शिट्टी वाजवली.

घरी आल्यावर तिनं आधी मनीच्या बाबांना सांगितलं. ते गॅलरीत कपडे वाळत घालत होते. शर्टाची एक बाही चिमट्यात धरून ते वळले.

"कुणाला माहितीय?"

"कुणालाच नाही."

"मग राहू दे ना. झालं ते झालं. आता सांगून त्रास कुणाला होणार? मनीला. तू मोकळी होशील आणि पोर घरी बसेल. हा कुठला न्याय?"

हाच प्रश्न ती चार दिवस स्वतःला विचारत होती, आणि प्रत्येक वेळी तिला बरं वाटायचं. नवऱ्याच्या तोंडून ऐकल्यावर मात्र तो तिला लबाडाचा प्रश्न वाटला. कारण तो पटत होता.

"तिची बोटं भाजलीत रे," ती म्हणाली. "मी खोटं सांगितलं म्हणून."

त्यांनी हातातला शर्ट वाळत घातला, आणि तो उलटा घातलाय हे त्यांच्या लक्षातही आलं नाही.

मनी आतल्या खोलीत यादी हातात घेऊन सामान लावत होती. पथकाच्या नियमाप्रमाणे आपली पिशवी आपणच भरायची, आईनं हात लावायचा नाही. पलंगावर मोज्यांच्या जोड्या, शिट्टी, टॉर्च, सगळं कवायतीला उभं केल्यासारखं मांडलं होतं. मनीची आई दाराशी बसली. सगळं सांगितलं. मोळी, फडकं, फरशी, सँडविच, सगळं. सांगताना ती रडली नाही. रडायचा आपल्याला हक्क नाही, असं तिनं वाटेतच ठरवलं होतं.

मनीनं ऐकून घेतलं. मग विचारलं, "माझी मोळी तू उचलून ठेवलीस?"

"हो."

"मी सांगितलं होतं तुला?"

"नाही गं."

"मग का ठेवलीस? माझी पण ओली झाली असती तर दोघींची लागली नसती. मग ती गेली असती आणि मला कळलं असतं की मी हरले." मनीचा आवाज चढत नव्हता, उलट बारीक होत होता. "आता मला काहीच कळत नाही. माझी चूल मी पेटवली की तू?"

"तूच पेटवलीस, मने."

"आता तू कप्तानबाईंना सांगणार."

"सांगायला हवं ना?"

"आणि माझी जागा देणार तिला." मनीनं हातातली मोज्यांची जोडी सोडवली, परत गुंडाळली. "चूक तू केलीस. मग तुझं काहीतरी दे ना. माझं का देतेस?"

मनीच्या आईनं सगळ्या बाजूंनी शोधून पाहिलं. तिच्यापाशी द्यायला स्वतःचं असं काही नव्हतं. लाज होती तेवढी, आणि ती कुणाच्या उपयोगाची?

सोमवारी दुकानातून तासभराची सुट्टी काढून ती कप्तानबाईंकडे गेली. कप्तानबाई एरवी दातांच्या दवाखान्यात मदतनीस होत्या. पथकातली मुलं म्हणायची, बाईंसमोर खोटं बोलता येत नाही, कारण त्यांनी बघितलं की आपोआप आ होतो. त्या हातात वाटीएवढा ट्रे घेऊन बाहेर आल्या, तोंडावरचा मास्क हनुवटीखाली ओढला आणि म्हणाल्या, "दाढ की पथक?"

"पथक."

"मग पाच मिनिटं आहेत. बोला."

पाच मिनिटंही लागली नाहीत. इतके दिवस छातीवर धोंड्यासारखं बसलेलं ते सगळं चार वाक्यांत संपलं, याचंच तिला नवल वाटलं. समोरच्या बाकावर गाल सुजलेला एक माणूस बसला होता. तो दुखणं विसरून ऐकत होता.

कप्तानबाईंनी आवाज चढवला नाही. "सुकं पोतं तिथेच होतं?"

"हो."

"मनीची उचलून ठेवलीत?"

"हो."

"आणि नंतर पोरीला म्हणालात, तू घाई केलीस."

"हो बाई. माझं चुकलं. मला खरंच—"

"ते मला सांगू नका," बाई म्हणाल्या. "नावं बदलायची मुदत परवा संध्याकाळी संपते. उद्या शाळा सुटल्यावर सभागृहात नऊही मुलांना बोलावते. तिची चूल परत होईल. पेटली तर ती जाईल, मनी राखीव. नाही पेटली तर आहे ते राहील. आणि का परत होतेय, ते तुम्ही सांगायचं. सगळ्यांसमोर, तिच्याकडे बघून. मी नाही सांगणार."

"एकटीला सांगितलं तर नाही का चालणार?"

"हरली ती सगळ्यांसमोर ना?" बाईंनी मास्क वर ओढला. मग आत जाता जाता थांबल्या. "मनी बरी पोरगी आहे हो. पुढच्या खेपेला स्वतःच्या हिमतीवर गेली असती."

गाल सुजलेल्या माणसानं नजर खाली घातली. जणू त्यालाच कुणी बोललं होतं.

दुसऱ्या दिवशी सभागृहामागच्या अंगणात नऊ मुलं अर्धगोलात बसली होती. खारूताईचे बाबाही आले होते, भिंतीला टेकून उभे. मनी अगदी कडेला, गुडघ्यांत हनुवटी खुपसून. मनीच्या आईनं रात्रभर वाक्यं जुळवली होती. 'अनवधानानं', 'परिस्थिती अशी होती की'. उभी राहिली आणि त्यातलं एकही वाक्य धड वाटेना.

"तुझी मोळी ओली होती," ती खारूताईकडे बघून म्हणाली. "परीक्षेच्या आधी मी ती हातात घेतली होती. मला कळलं होतं. मनीची मी कोरड्यात ठेवली आणि तुझी तशीच राहू दिली. मनीला जागा मिळावी म्हणून. तुझी घाई झाली नव्हती. तुझं काहीच चुकलं नव्हतं. ते मी खोटं सांगितलं."

एका मुलानं शेजारच्याला काहीतरी विचारलं, त्यानं त्याला कोपरानं ढोसलं. भिंतीला टेकलेले बाबा सरळ झाले. मनीच्या आईला वाटलं, आता हा माणूस ओरडेल. ओरडावं असंच तिला वाटत होतं. पण ते फक्त तिच्याकडे बघत राहिले. बिघडलेली गोष्ट दुरुस्त होण्यापलीकडची निघावी आणि तिच्याकडे बघावं, तसे.

खारूताई आपल्या अंगठ्यावरच्या पट्टीकडे बघत होती.

"म्हणजे हळू ओढायची नव्हती?" तिनं विचारलं.

"नाही, बाळा."

"मग मी चार पेट्या..." ती थांबली. पट्टीचं सुटलेलं टोक तिनं परत दाबून बसवलं.

"लाकडं," कप्तानबाई म्हणाल्या. आणि मनीच्या आईकडे वळल्या. "तुम्ही काढून द्या. पोत्यातून."

मनीच्या आईनं पोतं उघडलं. एकेक लाकूड काढून ती पुढे करत गेली, आणि खारूताई एकेक घेऊन गालाला लावून बघत गेली. सुकं लाकूड गालाला कोमट लागतं, ओलं गार. हे तिला मधल्या काळात कुणी शिकवलं की तिचं तिनंच शोधलं, कोण जाणे. पहिली दोन-तीन लाकडं तिनं तशी पाहिली तेव्हा मनीच्या आईला वाटलं, हा परीक्षेचा भाग असेल. पण ती प्रत्येक लाकूड बघत होती. बारीक काटकीसुद्धा. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. या बाईच्या हातून काही घेताना तपासून घ्यायचं असतं, एवढंच ती शिकली होती.

चूल रचून झाली. तिनं पहिली काडी ओढली. हळू, ज्योत स्थिर होऊ द्यायची वाट बघत, अगदी मनीच्या आईनं सांगितलं होतं तशी. वाऱ्याची झुळूक आली आणि काडी विझली. दुसरी काडीही तशीच, हळू. चुलीपर्यंत पोचायच्या आत ज्योत बोटांपाशी आली, तिनं दचकून टाकून दिली. एकच उरली.

आठवडाभर चुकीचं घोकून बोटांना लागलेली सवय होती ती. मनीच्या आईला ओरडून सांगावंसं वाटलं, तुझ्या पद्धतीनं ओढ गं, तुझ्या पद्धतीनं! पण तिच्या सांगण्याला आता काय किंमत होती? तिनं स्वतःच्याच तोंडावर हात ठेवला.

"खारे, फटकन!" कडेवरून आवाज आला. "तुझ्यासारखी!"

मनीचा आवाज होता तो. ती उभी राहिली होती.

खारूताईनं तिच्याकडे पाहिलं. मग काडी फटकन ओढली, त्याच झटक्यात चुलीच्या पोटात सारली आणि पालथी पडून फुंकर घातली. जाळ धरला. धूर जवळजवळ आलाच नाही. सहाव्या मिनिटाला पाण्याला बुडबुडे आले, आणि मुलांनी एकच गिल्ला केला.

कप्तानबाईंनी वहीत काहीतरी लिहिलं. कुणाला काही सांगायची गरज नव्हती. सगळ्यांनाच आपापलं कळलं होतं. मनीला सगळ्यात आधी.

मनी उठून सभागृहाच्या पायऱ्यांवर जाऊन बसली होती. तिची आई थोड्या वेळानं तिथे गेली आणि तिच्या शेजारी टेकली. मनी एक पायरी खाली सरकली.

अंगणात खारूताईचे बाबा चुलीवर पाणी ओतून ती विझवत होते. जाता जाता ते पायऱ्यांपाशी आले. मनीच्या आईनं उठायचा प्रयत्न केला. त्यांनी तिच्याकडे पाहिलंही नाही. मनीच्या डोक्यावर हात ठेवला आणि निघून गेले.

"मने," आई म्हणाली.

मनी बुटाच्या नाडीची गाठ सोडत होती, परत मारत होती.

"शनिवारी गाड्या आहेत," ती शेवटी म्हणाली. "मी जाणारे. राखीवला पण जावं लागतं."

"हो गं, जाऊया की. मी दुकानात सांगून—"

"जाऊया नाही. मी जाणारे." मनीनं मान वर केली नाही. "बाईंना विचारलंय मी. त्या म्हणाल्या, चालेल. मी चालत जाईन. एकटी."

"अगं, पण दोन मोठे रस्ते आहेत मध्ये. तिथे सिग्नल तरी—"

"आई."

तिच्या आईनं पुढचे शब्द गिळले.

"आणि मागून येऊ नकोस," मनी म्हणाली. "येशील तू. लांबून, मला दिसणार नाही असं. ते पण नको."

मनीची आई तोंड उघडून 'नाही येणार' असं म्हणणार होती. पण आपलं म्हणणं आता हिलाही तपासून घ्यावं लागणार, हे तिच्या ध्यानात आलं. तिनं नुसती मान हलवली. मनीनं ती पाहिली की नाही, कळलं नाही. ती उठली, पाठीवर दप्तर चढवलं आणि आईसाठी न थांबता फाटकाकडे चालू लागली.